झोंबीपट करायला निघालेल्या लेखकासाठी

डॅन ओबॅनन हे नाव आपल्याकडे फारसं कुणाच्या तोंडी नसतं. पण १९७९ चा ‘एलियन’ माहीत नाही असा सिनेमावेडा सापडणार नाही. माणसाच्या छातीतून प्राणी बाहेर पडतो, ती कल्पना कागदावर आणणारा हा पटकथाकार. दिग्दर्शन रिडली स्कॉटचं, त्यामुळे कौतुकही बरंचसं त्याच्याकडे गेलं. १९८५ मध्ये ओबॅनन पहिल्यांदा स्वतः दिग्दर्शकाच्या खुर्चीत बसला आणि त्याने ‘द रिटर्न ऑफ द लिव्हिंग डेड’ केला. झोंबी ‘मेंदू, मेंदू’ करत धावतात हे आज शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं, त्याचं उगमस्थान हा सिनेमा.

लेखन करता करता ‘आता आपणच दिग्दर्शन करू’ असं ज्यांना वाटू लागलंय, आणि भयपटात विनोद मिसळायची ज्यांना खुमखुमी आहे, त्यांच्यासाठी हा लेख. ओबॅननच्या सिनेमातले शॉट्स काही डोळे दिपवणारे नाहीत. पण त्यातलं एकही दृश्य कारणाशिवाय येत नाही, आणि मला वाटतं तो आजही टिकून आहे तो एवढ्याचमुळे. म्हणून खालच्या पायऱ्यांत कॅमेऱ्याबद्दल कमी आणि कागदाबद्दल जास्त बोललोय. कॅमेरा चालवणारा चांगला माणूस पैसे देऊन मिळतो.

पायरी १ : नाव, हक्क आणि कोणाची सावली पडतेय ते बघा

या सिनेमाचा जन्मच हक्कांच्या वाटणीतून झाला. १९६८ चा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ जॉर्ज रोमेरो आणि जॉन रूसो यांनी मिळून लिहिला होता. पुढे दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या आणि ‘लिव्हिंग डेड’ हे शब्द वापरायचा हक्क रूसोकडे राहिला. त्याच्याकडून तो शिकागोच्या टॉम फॉक्स या निर्मात्याने घेतला. आधी टोब हूपर दिग्दर्शन करणार होता, तो दुसऱ्या चित्रपटाकडे वळला. पटकथा सुधारायला आलेल्या ओबॅननला मग दिग्दर्शनाचीही विचारणा झाली. त्याने अट घातली: कथा मुळापासून बदलू देणार असाल तरच. रोमेरोच्या घरात घुसून त्याचीच भांडी वापरायची त्याची तयारी नव्हती. त्याच उन्हाळ्यात रोमेरोचा स्वतःचा झोंबीपटही लागला. जुलैमध्ये त्याचा आणि ऑगस्टमध्ये ओबॅननचा. नक्कल केली असती तर महिनाभरात उघडा पडला असता.

तुम्ही काय करायचं? पटकथेचा पूर्ण मसुदा स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवा. सगळं ऑनलाइन होतं. चित्रपटाच्या नुसत्या नावावर कॉपीराइट मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये कृषिका लुल्ला प्रकरणात स्पष्ट केलंय. तरीही निर्मात्यांच्या संस्थेत नाव नोंदवायची पद्धत आहे आणि ती पाळलेली बरी, नाहीतर ऐन प्रदर्शनाच्या तोंडावर कोणीतरी पत्र घेऊन उभं राहतं. आणि सहलेखक असेल तर पहिल्याच दिवशी लिहून ठेवा: दुसरा भाग निघाला तर नाव कोणाचं, पात्रं कोणाची. मैत्रीत कागद कशाला, असं म्हणणाऱ्या जोड्यांचं पुढे काय होतं ते इथे वेगळं सांगायला नको.

पायरी २ : झोंबीचे नियम एका पानावर लिहा

पटकथा उघडायच्या आधी एक कोरं पान घ्या आणि पाच प्रश्नांची उत्तरं लिहा. मेलेला उठतो कशामुळे? दुसऱ्याला लागण कशी होते? त्याला हवंय काय? तो थांबतो कशाने? आणि त्याला स्वतःबद्दल काय कळतं?

ओबॅननची उत्तरं अशी होती. लष्कराचं एक रसायन हवेत मिसळतं, त्याने मेलेलं काहीही उठतं. झोंबी धावतात आणि बोलतात. त्यांना मांस नको, मेंदू हवा. डोक्यात घाव घालून ते मरत नाहीत, तुकडे केले तर तुकडे वळवळतात. आणि स्वतःचं शरीर कुजतंय हे त्यांना जाणवत असतं.

यातला शेवटचा नियम सोन्याचा आहे. सिनेमात एका म्हाताऱ्या बाईचं कंबरेपासून वरचं अर्धंच प्रेत पकडून टेबलाला बांधतात आणि अंत्यविधी करणारा गृहस्थ तिची सरळ चौकशी करतो. माणसं का खाता? माणसं नाही, मेंदू. का पण? मरण दुखतं म्हणून, मेंदू खाल्ला की दुखायचं थांबतं. खोलीतली माणसं ऐकत राहतात, तिच्या पाठीचा कणा टेबलावर शेपटीसारखा हलत राहतो. दृश्य हास्यास्पद आहे, किळसवाणं आहे आणि बघताना तिची कणवही येते. एका ओळीच्या नियमातून या तिन्ही गोष्टी निघाल्या. ‘झोंबी आहेत, चावतात’ एवढ्यावर थांबला असता तर यातलं काहीच हाती लागलं नसतं.

नियमांचं पान प्रत्येक विभागप्रमुखाला द्या. मेकअपवाला, फाइट मास्टर, साउंडवाला, सगळ्यांना. शूटिंगच्या बाराव्या रात्री कोणीतरी विचारणारच: ‘सर, हा झोंबी जिना चढू शकतो का?’ उत्तर तुमच्या मूडवर अवलंबून असेल तर सिनेमा हातातून गेला. आणि पाचव्या प्रश्नाला उत्तर नसेल तर मी म्हणेन, अजून लिहायला बसू नका.

पायरी ३ : प्रत्येक उपायातून पुढचं संकट काढा

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. महिना गेला तरी हरकत नाही.

सिनेमा सुरू होतो लुईव्हिल शहरातल्या वैद्यकीय साहित्याच्या एका गोदामात. फ्रँक नावाचा जुना कामगार नव्याने लागलेल्या फ्रेडीला काम शिकवतोय. सांगाडे कुठून येतात, तर म्हणे भारतातून. आणि सगळ्यांचे दात इतके धडधाकट कसे, याबद्दल फ्रँक आपला संशयही बोलून दाखवतो. विनोद म्हणून सोडून द्यावं असं वाक्य, पण ते हवेतलं नव्हतं. त्या काळात जगभरच्या वैद्यकीय महाविद्यालयांना सांगाडे पुरवण्यात भारत, विशेषतः कोलकाता, आघाडीवर होता. ती निर्यात भारत सरकारने बंद केली १९८५ मध्येच. आपल्याकडच्या एखाद्या मेडिकल कॉलेजच्या ॲनाटॉमी विभागात जाऊन आलात तर याच धाग्यावरून एक अख्खा मराठी सिनेमा सुचू शकतो, ही माझी फुकटची सूचना.

मग फ्रँक शेखी मिरवायला पोराला तळघरात नेतो. तिथे लष्कराचे चुकून आलेले पिंप आहेत, आत प्रेतं. फ्रेडी विचारतो, हे गळत तर नाहीत ना? फ्रँक म्हणतो, छे, लष्करी इंजिनियरांचं काम आहे हे, आणि पिंपावर थाप मारतो. भस्सकन वायू बाहेर. सगळा सिनेमा त्या एका थापेतून निघाला. खलनायक नाही, शाप नाही, कोणी वेडा शास्त्रज्ञ नाही. नोकरीत मुरलेला एक माणूस नवख्यासमोर भाव खायला गेला, बस्स.

आता पुढची साखळी बघा. वायू वर गोदामात पोचतो. टाचणीला टोचलेली फुलपाखरं फडफडू लागतात. पशुवैद्यकीच्या विद्यार्थ्यांसाठी उभा चिरून ठेवलेला कुत्रा भुंकतो. शीतपेटीतलं प्रेत दार ठोठावतं. मालक येतो. ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’मध्ये बघितलंय म्हणून प्रेताच्या डोक्यात कुदळ घालतात, ते मरत नाही. म्हणजे तो सिनेमा खोटं बोलला? (हा प्रश्न पात्रं स्वतःच विचारतात.) मग तुकडे करतात, तुकडे हलतात. मग तुकडे पिशव्यांत भरून शेजारच्या अंत्यविधीगृहात नेतात आणि भट्टीत जाळतात. सुटलो! पण धूर चिमणीतून ढगात जातो, ढगातून पाऊस पडतो, आणि पाऊस पडतो तो समोरच्या दफनभूमीवर.

यात कुठेही कोणी मूर्खासारखं वागत नाही. प्रत्येक जण त्याला जे माहीत आहे त्यानुसार शहाणपणाचाच निर्णय घेतो, आणि परिस्थिती आणखी चिघळते. प्रेक्षक घाबरतोही याला आणि हसतोही यालाच. पिंपावर लष्कराचा फोन नंबर छापलेला आहे. मालक तो सुरुवातीला वाचतो आणि कोर्टकचेरीच्या भीतीने फोन टाळतो. शेवटी नाइलाजाने लावतो तेव्हा काय होतं, ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी इथे सांगत नाही.

तुमच्यासाठी सराव: पटकथेतल्या घटना एकाखाली एक लिहा आणि दोन घटनांच्या मध्ये ‘म्हणून’ किंवा ‘पण’ यातला एक शब्द बसतो का बघा. ‘आणि मग’ लिहावंसं वाटलं की ते दृश्य काढा किंवा बदला. मी आजवर वाचलेल्या बहुतेक नवख्या भयपटांत मध्यंतरानंतर नुसतं ‘आणि मग’ असतं. झोंबी येतात, पळतात, लपतात, पुन्हा येतात. एक तास असाच जातो.

आपल्या मातीत ही गोष्ट रुजवताना एक अडचण येते, ती आधीच सोडवून घ्या. थडग्यातून हात वर येणं हे तिकडच्या दफनभूमीचं दृश्य आहे. आपल्याकडे बहुसंख्य लोकांचं दहन होतं, जमिनीखाली कोणी उरतच नाही. मग मेलेले कुठे असतात? सरकारी रुग्णालयाच्या शवागारात, मेडिकल कॉलेजच्या फॉर्मॅलिनच्या टाकीत, अपघातानंतर हायवेच्या कडेला. आणि ओबॅननची धुरातून पावसात जाणारी युक्ती तर जिथे रोज धूर निघतो अशा स्मशानाच्या देशातच अधिक चपखल बसते. २०२२ च्या २६ जानेवारीला आदित्य सरपोतदारचा ‘झोंबिवली’ आला तेव्हा त्याने दफनभूमीच्या नादी न लागता डोंबिवलीची निवड केली. टॉवर आणि शेजारची झोपडपट्टी यांच्यातला ताण झोंबींच्या अंगावर घातला. तो सिनेमा तुम्हाला आवडो न आवडो, जागेची निवड अचूक होती.

पायरी ४ : विनोद पात्रांना सांगू नका

अमुक प्रसंग विनोदी आहे हे पात्रांना ठाऊक नसतं. नटांनाही ते विसरायला लावा. वायू नाकात गेलेले फ्रँक आणि फ्रेडी आजारी पडतात, रुग्णवाहिका येते. वैद्यकीय कर्मचारी तपासतात: नाडी नाही, रक्तदाब नाही, अंगाचं तापमान खोलीइतकं. आणि दोघे पेशंट समोर बसून बोलतायत. कर्मचारी एकमेकांकडे बघतात आणि बाजूला जाऊन कुजबुजतात. एवढंच. कोणी डोळे मोठे करत नाही, पार्श्वसंगीतात ‘टुंई’ वाजत नाही. फ्रँक झालेला जेम्स कॅरन हा रंगभूमीवरून आलेला मुरलेला नट. तो घाबरतो तेव्हा खरंखुरं, हमसून घाबरतो आणि आपल्याला हसू आवरत नाही.

आपल्याकडे विनोदी नट घेतला की त्याला ‘तू तुझं काहीतरी टाक’ सांगायची सवय आहे. इथे तो मोह आवरा. त्यापेक्षा नाटकातला गंभीर नट घ्या आणि त्याला खराखुरा घाबरू द्या.

झोंबींनी विनोद केला तर चालेल, फक्त तो नियमांच्या पानातून यायला हवा. मेंदू खाल्लेला झोंबी रुग्णवाहिकेच्या वायरलेसवर बोलतो: आणखी वैद्यकीय कर्मचारी पाठवा. हा त्या सिनेमातला सगळ्यात गाजलेला विनोद. झोंबी बोलू शकतो, त्याला मेंदू हवाय, समोर वायरलेस आहे. त्याच्या बाजूने बघाल तर त्याने जेवण मागवलंय.

तालमी करा. ओबॅननने चित्रीकरणाआधी दोन आठवडे नटांच्या तालमी घेतल्या. कमी पैशांच्या सिनेमात ही चैन वाटते, पण उलट ती बचत आहे. पाच-सहा माणसं एका खोलीत एकाच वेळी ओरडतायत, अशी दृश्यं सेटवर बसवायला गेलात तर रात्र संपते. एकांकिका केलेल्यांना हे सांगायची गरज नाही. हॉल भाड्याने घ्या, जमिनीवर चिकटपट्टीने खोल्या आखा आणि दृश्यं उभी करा. संवाद एकमेकांवर चढतात तिथे कोणाचं वाक्य ऐकू आलंच पाहिजे, ते तालमीतच ठरवून टाका.

पायरी ५ : जागा कमी, कागद पुरे

गोदाम, अंत्यविधीगृह, दफनभूमी. त्या सिनेमाचा मोठा भाग या तीनच जागांत घडतो आणि तिन्ही एकमेकांना लागून आहेत. कथा केंटकी राज्यात घडते, चित्रीकरण झालं कॅलिफोर्नियात. तुमचीही डोंबिवली वसईत शूट झाली तर कोणी विचारणार नाही.

रेकी, म्हणजे जागेची पाहणी, रात्री करा, दिवसा नव्हे. महापालिकेच्या, सरकारी जागांच्या परवानग्यांसाठी गोरेगावच्या चित्रनगरीतून चालणाऱ्या महामंडळाची एक खिडकी योजना आहे, तिचा उपयोग करून घ्या. स्थानिक पोलिस ठाण्यात लेखी पत्र देऊन पोच घ्या. रात्री दोन वाजता रक्ताने माखलेला ज्युनियर आर्टिस्ट चहाच्या टपरीकडे निघाला की काय होईल, ते कल्पनेवर सोडतो. शेजारच्या सोसायटीच्या सचिवांनाही भेटा. आणि खरा कुत्रा वापरायचा असेल तर प्राणी कल्याण मंडळाची आगाऊ परवानगी लागते. ओबॅननचा अर्धा कुत्रा यांत्रिक होता, त्यामुळे त्याची झंझट वाचली.

कला दिग्दर्शक असा निवडा ज्याला चित्र काढता येतं. या सिनेमाचं कला दिग्दर्शन विल्यम स्टाउट या कॉमिक्सच्या चित्रकाराने केलं. गोदामाच्या भिंतीवर डोळे तपासायचा तक्ता टांगलेला आहे, त्यातली अक्षरं जुळवून वाचली तर मालकाच्या कंजूषपणाला घातलेली शिवी निघते. असले तपशील प्रेक्षकाला पाचव्यांदा बघताना सापडतात आणि तो सहाव्यांदा बघतो. सिनेमा ‘कल्ट’ होतो तो असा. आणि खर्च किती, तर एका प्रिंटआउटचा.

पायरी ६ : मेकअपचे तीन थर, आणि रक्त

सगळ्या झोंबींना सारखा मेकअप केलात तर वेळ आणि पैसा दोन्ही संपेल. तीन गट करा. पहिला, जवळून दिसणारे दोन-तीन: त्यांना साचे, कृत्रिम दात, सगळं. दुसरा, मध्यम अंतरावरचे दहा-बारा: लॅटेक्स आणि टिश्यू पेपरचे थर, डोळ्यांभोवती काळं-जांभळं. तिसरा, मागची गर्दी: राखाडी रंगाचा स्प्रे, फाटके कपडे, विस्कटलेले केस. अंधार आणि धूर बाकीचं काम करतात.

पहिल्या गटावर मन लावा. या सिनेमातला पिंपातला झोंबी, डांबरात बुडाल्यासारखा काळा, निथळणारा, चाहत्यांच्या टी-शर्टवर आजही दिसतो. त्याच्या पोशाखाच्या आत ॲलन ट्रॉटमन होता, पेशाने कठपुतळी कलाकार. हाडं सांध्यांतून निसटतायत अशी त्याची लटपटती चाल, हीच निम्मी कमाल. तेव्हा महत्त्वाच्या झोंबीसाठी देखणा चेहरा शोधू नका. नृत्य, मूकाभिनय, मल्लखांब असं काही केलेलं शरीर शोधा. गर्दीतल्या प्रत्येकाला एकच सूचना द्या: एक सांधा बिघडलेला. कोणाचा गुडघा, कोणाची मान. सगळ्यांना हात पुढे करून चालायला लावलंत तर शाळेचं स्नेहसंमेलन होईल.

आता रक्त. केकचं साहित्य मिळतं त्या दुकानातून लिक्विड ग्लुकोज आणा. किलोभराला साधारण अर्धी वाटी कोमट पाणी घालून ढवळा. खाण्याचा लाल रंग थोडा थोडा घाला. आपल्याकडचा लाल रंग बहुधा गुलाबीकडे किंवा केशरीकडे झुकतो, म्हणून त्यात चमचाभर कोको पावडर आणि निळ्याचा एक थेंब. पांढऱ्या बशीत नाही, ज्या दिव्यात शूट करणार त्याच दिव्यात, नटाच्या कातडीवर लावून, कॅमेऱ्यातून बघा. डोळ्याला बरोबर वाटलेलं रक्त कॅमेऱ्यात कधी जॅम दिसतं, कधी काळं. वाळलेल्या जखमांसाठी त्यातच कॉर्नफ्लेक्सचा चुरा. तोंडात जाणारं रक्त वेगळ्या बाटलीत, नावाची चिठ्ठी लावून ठेवा.

हे सगळं साखरेचं आहे. उघड्यावर शूट असेल तर तासाभरात मुंग्या लागतात, आणि जमिनीवर मेल्याचं सोंग घेऊन पडलेला ज्युनियर आर्टिस्ट मुंगी चावल्यावर जे करतो त्याला कंटिन्युइटी म्हणत नाहीत. पडून राहणाऱ्यांसाठी ग्लिसरीनमध्ये रंग कालवून वेगळं रक्त करा. लॅटेक्स लावण्याआधी आदल्या दिवशी हाताच्या आतल्या बाजूला लावून बघा, काहींना त्याची ॲलर्जी असते. भुवया आणि केसांच्या रेषेवर आधी व्हॅसलीन चोपडा, नाहीतर काढताना केसही येतील. आणि स्वस्तातल्या रंगीत लेन्स कोणाच्याही डोळ्यांत घालू नका. तिथे पैसे वाचवायचे नाहीत.

पायरी ७ : पाऊस

पाऊस लिहायला दोन सेकंद लागतात: ‘बाहेर धो धो पाऊस’. उभा करायला अख्खी रात्र. तरीही ओबॅननच्या कथेत तो काढता येत नव्हता, कारण पाऊस हाच लागणीचा मार्ग. तुमच्या कथेत तो फक्त वातावरणासाठी असेल तर काढून टाका.

ठेवणारच असाल तर दिवा पावसाच्या मागून मारा. समोरून मारलेल्या उजेडात थेंब दिसतच नाहीत, अगदी जुलैतला कोकणातला असला तरी. वीजजोडणी जमिनीपासून वर उचलून बांधा आणि गळती होताच वीज तोडणारा ब्रेकर जनरेटरला बसवलाय की नाही, हे स्वतः विचारा. कपड्यांचे किमान तीन जोड. पाणी नटांच्या डोळ्यांत-तोंडात जातं, म्हणून ते स्वच्छ हवं. आणि मे महिन्यात शेजारच्या वस्तीत हंड्यांची रांग लागलेली असताना टँकर रिकामे करू नका. ती माणसं तुमच्या झोंबींपेक्षा भयंकर होतील, आणि त्यांचंच बरोबर असेल. पावसातला सेटवरचा आवाज वापरता येणार नाही, तेव्हा डबिंगचे दिवस बजेटमध्ये आधीच धरून ठेवा.

पायरी ८ : लेखकाने ऐकून घ्यायचं असतं

इथे ओबॅनन सगळ्याच बाबतीत आदर्श नाही. सेटवर त्याचे खटके उडाले, हे त्याच्या नटांनी नंतर मुलाखतींतून सांगितलंय. विशेष मेकअपची जबाबदारी असलेला माणूसही अर्ध्यात बदलावा लागला. कागदावर सगळं आपल्या ताब्यात ठेवायची सवय लागलेला लेखक चाळीस-पन्नास माणसांत उभा राहिला की असं होतं. उपाय साधा: तुमच्या जिभेला आवर घालू शकेल असा पहिला सहायक दिग्दर्शक नेमा. मित्र नको, अनुभवी हवा.

पण एक गोष्ट त्याने फार चांगली केली. मूळ बेतानुसार फ्रँकही झोंबी होऊन पावसात इतरांबरोबर फिरणार होता. जेम्स कॅरनला रात्ररात्र भिजायची इच्छा नव्हती, म्हणून त्याने दुसरा शेवट सुचवला: आपण आता माणूस राहत नाही हे कळल्यावर फ्रँक स्वतःच भट्टीत जाईल. ओबॅननने ते घेतलं. फ्रँक लग्नाची अंगठी काढतो, तिचं चुंबन घेतो, भट्टीच्या दांड्याला अडकवतो आणि आत शिरतो. दीड तासाच्या धिंगाण्यातलं सर्वांत गलबलून टाकणारं दृश्य एका नटाच्या कंटाळ्यातून आलं. वरच्या साखळीशी ते जुळतंही: जळलेल्याचा धूर पुन्हा ढगातच जाणार.

नटाने बदल सुचवला की दोनच गोष्टी तपासा. नियमांचं पान मोडतंय का? पुढची कडी तुटतेय का? दोन्हींचं उत्तर नाही असेल तर तुमचं लिहिलेलं वाक्य वाचवण्यासाठी वाद घालू नका.

पायरी ९ : कापणं, संगीत, प्रमाणपत्र

एडिटला बसण्याआधी आठवडाभर सुट्टी घ्या. एडिटर असा हवा जो पटकथा लिहिताना तुमच्याबरोबर नव्हता. सिनेमा एक्क्याण्णव मिनिटांचा आहे, आणि या प्रकाराला त्याहून जास्त लांबी सहसा पेलवत नाही. भीतीचा शॉट आणि हशाचा शॉट यांच्यात किती फ्रेम ठेवायच्या, हे तुम्ही एकट्याने ठरवू शकत नाही. वीसेक अनोळखी माणसांना दाखवा आणि त्यावेळी पडद्याकडे नाही, त्यांच्या चेहऱ्यांकडे बघा.

आपल्याकडे प्रदर्शनासाठी सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र लागतं. २०२४ च्या नियमांपासून यूए मध्ये ७+, १३+ आणि १६+ असे तीन स्तर झालेत. मेंदू खाताना दाखवणार असाल तर ‘ए’, म्हणजे फक्त प्रौढांसाठी, गृहीत धरा. तसं झालं तर टीव्हीसाठी काटछाट करून पुन्हा प्रमाणपत्र घ्यावं लागतं. म्हणून किळसवाण्या शॉट्सचे सौम्य पर्याय शूटिंगच्या वेळीच काढून ठेवा.

राहिलं संगीत. ओबॅननच्या सिनेमात पंक, म्हणजे बंडखोर रॉक वाजवणाऱ्या बँड्सची गाणी भरलेली आहेत: द क्रॅम्प्स, फोर्टीफाइव्ह ग्रेव्ह, द डॅम्ड. पात्रंही पंक पोरंच होती, त्यामुळे गाणी वरून चिकटवल्यासारखी वाटत नाहीत. त्या ध्वनिमुद्रिकेने सिनेमाला एक वेगळाच प्रेक्षकवर्ग मिळवून दिला. पण पुढे घरी बघायच्या काही आवृत्त्यांत हक्कांच्या अडचणीमुळे गाणं बदललं गेलं आणि चाहते आजही त्यावरून कुरकुरतात. तुमच्या ओळखीच्या बँडने ‘घे रे, वापर’ असं म्हटलं तरी करार करा. गाण्याचा हक्क आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क दोन्ही वेगळे लिहून घ्या, आणि त्यात चित्रपटगृह, टीव्ही, ओटीटी, यूट्यूब, उद्या निघेल ते माध्यम, सगळं नाव घेऊन, जगभरासाठी आणि कायमचं असं नमूद करा. सही झालेल्या कराराची एक प्रत निर्मात्याकडे आणि एक तुमच्याकडे ठेवा.